हवेतली थाप

२०११ सालच्या उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय तीन-चार महिन्यांत बराचसा परत आला. हाताला मात्र खांद्यातून थोडी हालचाल आली तेवढीच. अण्णांची उभी हयात बँकेच्या नोकरीत गेली, पण पेठेत त्यांची ओळख ‘तबलावाले अण्णा’ अशीच होती. गुरुवारच्या भजनाला त्यांनी चाळीस वर्षे साथ केली. डाव्या हाताचा डग्गा शिल्लक राहिला, उजव्या हाताचा तबला गेला, असे ते स्वतःच सांगत आणि वर हसत.

त्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीहून आला तो मुलाचा जुना खेळसंच घेऊनच. निन्टेंडो कंपनीचा ‘वी’. तिकडे पक्षाघाताच्या रुग्णांना हा खेळ देऊन पाहतात, असे त्याने वाचले होते. अमेरिकेतला विजेचा दाब आपल्याकडे चालत नाही म्हणून लक्ष्मी रोडवरून एक ट्रान्सफॉर्मर आणला. टीव्हीखाली ठेवायची काळी पट्टी मात्र प्रवासात मोडली होती. सगळे हिरमुसले. तेव्हा माझ्या तेरा वर्षांच्या पुतण्याने अंगणातल्या दोन पणत्या उचलून आणल्या आणि टीव्हीपुढे वीतभर अंतरावर ठेवल्या. पडद्यावर हाताची खूण उमटली आणि रिमोट हलवला तशी हलू लागली. आम्ही अवाक. पोरगा म्हणाला, ‘‘काका, त्या पट्टीत फक्त दिवे असतात. बघतो तो रिमोट.’’

अण्णांच्या बोटांत पकड नव्हती. रिमोट त्यांच्या पंजाला क्रेप बँडेजने बांधला. पडद्यावरच्या टेनिसमध्ये बटण दाबावे लागत नाही, हात फिरवला की पुरे. अण्णांनी खांद्यातून हात फेकला, पडद्यावरचा चेंडू पलीकडे गेला, घरात टाळ्या पडल्या. पंधरा-वीस दिवस हा क्रम चालला. मग एका सकाळी त्यांनी बँडेज सोडायला सांगितले. ‘‘का हो अण्णा?’’ मी विचारले. ते म्हणाले, ‘‘अरे, हात फिरतो, पण याला थाप लागत नाही.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. शरीराची हालचाल ओळखणारे खेळ कुठून आले, एवढ्या थाटात येऊन ते दिवाणखान्यातून इतक्या लवकर का गेले, आणि गेले म्हणजे नेमके कुठे गेले, याचा शोध मी पुढची काही वर्षे सवडीने घेत राहिलो. हा लेख त्या शोधाचा आढावा आहे.

वाद्यातून आलेली कल्पना

शोधाच्या सुरुवातीलाच एक आश्चर्य वाट्याला आले. या तंत्राचा उगम खेळात नाही, संगीतात आहे.

१९२० च्या सुमारास पेट्रोग्राडच्या एका भौतिकी संस्थेत लेव्ह तेर्मेन नावाचा तरुण संशोधक वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचे उपकरण तयार करत होता. आपला हात उपकरणाजवळ नेला की त्यातून येणारा आवाज चढतो आणि दूर नेला की उतरतो, हे त्याच्या ध्यानात आले. मानवी शरीर स्वतः थोडा विद्युतभार साठवू शकते. तारेजवळ हात गेला की मंडलाची विद्युतधारिता बदलते आणि तिच्यासोबत कंपनसंख्याही बदलते. तेर्मेन चेलोवादकही होता. दोषाकडे दोष म्हणून न पाहता त्याने त्याचे वाद्य केले. एका उभ्या तारेजवळ उजवा हात हलवून स्वर काढायचा आणि आडव्या कडीजवळ डावा हात हलवून आवाज लहानमोठा करायचा. कशालाही स्पर्श करायचा नाही. १९२२ मध्ये त्याने हे वाद्य लेनिनला वाजवून दाखवले, १९२८ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळवले. ‘थेरेमिन’ हे नाव त्याच्या आडनावाच्या पाश्चात्त्य रूपावरून पडले. पुढे त्याने नर्तकीच्या संपूर्ण देहाच्या हालचालीवर वाजणारा एक मंचही बनवला. नाचावर वाद्य चालावे, ही ती कल्पना.

या वाद्याची सर्वांत मोठी वादक क्लारा रॉकमोर. ती मूळची व्हायोलिनवादक. हाडांच्या दुखण्यामुळे तिला व्हायोलिन सोडावे लागले आणि ती थेरेमिनकडे वळली. हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. हात अधू झाल्यामुळे स्पर्शाचे वाद्य सुटले आणि बिनस्पर्शाचे हाती आले, अशी एक व्यक्ती या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात उभी होती. पण तिला वर्षानुवर्षे घोटून हवेत बोटे ठेवण्याची स्वतःची पद्धत बसवावी लागली, हेही लगेच लक्षात आले. थेरेमिन अवघड आहे ते याचसाठी. पडदा नाही, पट्टी नाही, बोटाला टेकायला काही नाही.

संगीताचा हा धागा पुढेही तुटत नाही. अमेरिकेत टॉमस झिमरमनला न दिसणारी गिटार हवेत वाजवायची होती. मुले आरशासमोर उभी राहून वाजवतात तशी, फक्त त्यातून खरे सूर यावेत अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याने बोटांचे वाकणे मोजणारा हातमोजा बनवला. पुढे जॅरन लेनियरच्या व्हीपीएल कंपनीत त्याचाच ‘डेटाग्लव्ह’ झाला. या हातमोज्यात प्रकाशतंतू होते. बोट वाकले की त्यांतून जाणारा प्रकाश कमी होई. संशोधनसंस्थांना परवडेल अशीच ही वस्तू होती.

१९८९ मध्ये मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने निन्टेंडोच्या संचासाठी त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. तिचे नाव ‘पॉवर ग्लव्ह’. प्रकाशतंतूंच्या जागी वाकल्यावर विद्युतरोध बदलणारी शाई आली. हात कुठे आहे हे कळण्यासाठी मोज्यातून श्राव्यातीत ध्वनी सोडायचा आणि टीव्हीभोवती बसवलेल्या तीन ग्राहकांनी तो टिपायचा, अशी योजना होती. जाहिरातीत हा मोजा जादूचा वाटे. प्रत्यक्षात तो हट्टी निघाला. खास त्याच्यासाठी म्हणून दोनच खेळ बाजारात आले. बाकीचे खेळ बटणांसाठी रचलेले होते आणि ते मोज्याने खेळणे म्हणजे बोटाने होणारे काम कोपराने करणे. चार वर्षांनी सेगा कंपनीने जमिनीवर ठेवायचे एक अष्टकोनी कडे विकले. आठ बाजूंनी अवरक्त किरण वर जात आणि खेळाडूने हातपाय मारून ते अडवायचे. त्यामागची कल्पनासुद्धा किरणांच्या तारा छेडून वाजवायच्या एका वाद्यातून आलेली होती. तेही चालले नाही.

म्हणजे दोन वेळा तीच गोष्ट घडली. वादकाला हवेत हात फिरवून सूर काढायचा होता, त्याने यंत्र बनवले, खेळण्यांच्या कंपनीने ते उचलले आणि खेळात ते पडले. मराठीत ‘थाप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. या कंपन्यांच्या जाहिरातींत दुसरा अर्थही भरपूर होता.

एअरबॅगमधला कण

‘वी’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यामागचा विचार वेगळा होता. निन्टेंडोत गुन्पेई योकोई नावाचा एक अभियंता होऊन गेला. १९८९ सालच्या ‘गेम बॉय’चा तो जनक. सर्वांत नव्या तंत्रामागे धावू नका, मुरलेले आणि स्वस्त झालेले तंत्र घ्या आणि त्याचा भलत्याच दिशेने उपयोग करा, असे त्याचे सूत्र होते. योकोई १९९७ मध्ये वारला, पण ‘वी’ ही त्याच सूत्राची फलश्रुती मानावी लागेल. त्या काळी सोनी आणि मायक्रोसॉफ्ट अधिकाधिक रेखीव चित्रांच्या शर्यतीत होते. निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सप्टेंबर २००५ मध्ये तोक्यो गेम शोमध्ये एक साधा, टीव्हीच्या रिमोटसारखा दांडा उचलून दाखवला. पाहणारे चक्रावले.

या दांड्याच्या पोटात दोन गोष्टी होत्या. पहिली त्वरणमापक. सिलिकॉनमध्ये कोरलेला एक सूक्ष्म भार बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. दांडा हलला की तो किंचित मागे राहतो, त्याच्या आणि शेजारच्या दात्यांमधले अंतर बदलते आणि त्यासरशी विद्युतधारिता बदलते. शंभर वर्षांपूर्वी तेर्मेनच्या हाताने जे घडवले तेच इथे केसाहून लहान जागेत घडते. हे तंत्र निन्टेंडोने शोधलेले नव्हते. १९९० च्या दशकात ते मोटारींच्या एअरबॅगसाठी विकसित झाले. धडक बसली की नाही हे क्षणार्धात ठरवणे, हे त्याचे मूळ काम. मोटारींमुळे ते लाखोंनी बनले, लाखोंनी बनल्यामुळे स्वस्त झाले आणि स्वस्त झाल्यामुळे खेळण्यात आले.

दुसरी गोष्ट म्हणजे दांड्याच्या टोकावरचा अवरक्त कॅमेरा. टीव्हीवरच्या पट्टीला कंपनीने ‘सेन्सर बार’ म्हटले खरे, पण तिला संवेदना अशी काही नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त दिवे आहेत, कॅमेरा ते दोन ठिपके पाहतो आणि आपण कुठे रोखलेलो आहोत याचा हिशेब मांडतो. ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात. म्हणून आमच्या पणत्या चालल्या.

१९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत २५० डॉलरना ‘वी’ आला. सोबत टेनिस, बोलिंग, मुष्टियुद्ध वगैरे खेळांची तबकडी होती. लोक इतक्या जोराने हात फेकू लागले की मनगटाच्या दोऱ्या तुटून रिमोट सुटू लागले. डिसेंबरमध्येच कंपनीने ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले. ज्यांनी जन्मात असा खेळ हाती घेतला नव्हता त्या आज्या-आजोबांनी तो घेतला. वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा भरल्या. एकूण १० कोटींवर संच खपले.

पण खेळणाऱ्याचे शरीर मोठे चतुर असते. टेनिससाठी खांद्यापासून हात फिरवण्याची गरज नाही, सोफ्यावर बसून मनगटाला झटका दिला तरी यंत्र फसते, हे पोरांना आठवड्याभरात कळले. त्वरणमापकाला वेग वाढल्याचे कळते, हात कुठून कुठे गेला ते कळत नाही. २००९ मध्ये कंपनीने घूर्णदर्शी बसवलेली पुरवणी काढली. तिने अचूकता वाढली, पण झटक्याची सवय मोडली नाही. २०१२ मध्ये आलेल्या पुढच्या संचात कंपनीने भर दिला तो हातातल्या स्पर्शपडद्यावर, आणि तो संच दीड कोटीचाही पल्ला गाठू शकला नाही.

हातात काहीच नाही

दांडा नको, मोजा नको, शरीरच पुरे, हा विचार मांडला तो मायरन क्रूगरने. अमेरिकी विद्यापीठांत काम करणारा हा माणूस अर्धा अभियंता, अर्धा कलावंत. १९७० च्या दशकात त्याने ‘व्हिडिओप्लेस’ ही रचना उभारली. प्रेक्षक कॅमेऱ्यापुढे उभा राही, त्याची सावली पडद्यावर पडे आणि तिच्याशी संगणकातला एक चिमुकला जीव खेळू लागे. हात पुढे केला की तो हातावर चढे. २००३ मध्ये रिचर्ड मार्क्स या संशोधकाच्या कामातून सोनीने ‘आयटॉय’ हा कॅमेरा आणला, तो या विचाराचाच बाजारातला अवतार होता.

परंतु साध्या कॅमेऱ्याला खोली कळत नाही. छातीपुढचा हात आणि छाती त्याला एकाच पातळीवर दिसतात. ही अडचण ‘किनेक्ट’ने सोडवली. मायक्रोसॉफ्टने जून २००९ मध्ये ‘प्रोजेक्ट नाताल’ या नावाने त्याची घोषणा केली आणि ४ नोव्हेंबर २०१० रोजी तो अमेरिकेत विक्रीला ठेवला. त्याचे डोळे प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे. खोलीत हजारो अदृश्य अवरक्त ठिपके फेकायचे आणि ते वस्तूंवर पडून कसे सरकतात यावरून प्रत्येक ठिकाणचे अंतर काढायचे, अशी ती रीत. शिंप्याने कापडावर खडूच्या खुणा केल्या की कापड कुठे चुणले ते कळते, तसेच काहीसे.

डोळ्यांमागची बुद्धी केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट प्रयोगशाळेची. जेमी शॉटन आणि सहकाऱ्यांनी चित्रातला प्रत्येक बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा, हे संगणकाला शिकवले. त्यासाठी सुमारे दहा लाख चित्रे वापरली, तीही बहुतांशी संगणकानेच रचलेली. निरनिराळ्या उंचीचे, बांध्याचे, निरनिराळ्या पवित्र्यांतले देह. आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण म्हणतो, त्याचा घरोघर पोहोचलेला हा एक आरंभीचा नमुना होता, आणि तो आला खेळण्याच्या वेषात.

पहिल्या साठ दिवसांत ८० लाख ‘किनेक्ट’ विकले गेले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याच आठवड्यात दुसरीच एक शर्यत सुरू झाली होती. हे यंत्र कुठल्याही संगणकाला जोडता येईल असा मुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने बक्षीस जाहीर केले. ती रक्कम १ हजार डॉलरपासून ३ हजारांवर गेली. एक्टर मार्टिन या स्पॅनिश तरुणाने काही दिवसांतच ते काम केले. जॉनी ली या अभियंत्याने पुढे सांगितले की बक्षिसामागे तोच होता. हा ली ‘किनेक्ट’ घडवणाऱ्यांपैकीच एक! त्याआधी ‘वी’च्या रिमोटपासून स्वस्त फळा बनवून दाखवल्याने तो जगाला माहीत झाला होता. ज्या खोलीमापक कॅमेऱ्यांसाठी पूर्वी हजारो डॉलर मोजावे लागत, त्यांचे काम दीडशे डॉलरच्या खेळण्यात होऊ लागले. यंत्रमानव बनवणारे विद्यार्थी, पुराणवस्तूंची त्रिमितीय नोंद करणारे अभ्यासक, भौतिकोपचार करणारे डॉक्टर, सगळ्यांनी ते उचलले.

दिवाणखान्यात मात्र ते टिकले नाही. त्याच्यापुढे सहा फूट मोकळी जागा लागे. पुण्या-मुंबईच्या दीड खोल्यांचे सोडा, विलायतेतल्या घरांतही सोफा सरकवावा लागे. हात हलणे आणि पडद्यावर ते दिसणे यांत किंचित विलंब असे. आणि बटणाच्या खेळात बोटाला जो ‘टक्’ मिळतो, तो इथे नव्हता. याच सुमारास संशयाचीही भर पडली. २०१३ मध्ये कंपनीने नव्या संचासोबत ‘किनेक्ट’ सक्तीचा केला. तो जोडल्याशिवाय संच चालणार नाही, असे सांगितले गेले. त्याच उन्हाळ्यात एडवर्ड स्नोडेनच्या गौप्यस्फोटाने सरकारी पाळतीचे प्रकरण बाहेर आले. सदैव पाहणारा आणि ऐकणारा डोळा घरात का ठेवावा, असे लोक विचारू लागले. कंपनीने ऑगस्टमध्ये जोडणीची अट काढली. पुढच्या वर्षी ‘किनेक्ट’विना १०० डॉलर स्वस्त संच आणला आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबवले.

गेले कुठे?

ते गेले नाही, सरकले. २०१३ मध्ये ॲपलने प्राइमसेन्स विकत घेतली. २०१७ मध्ये, म्हणजे ‘किनेक्ट’ बंद पडला त्याच वर्षी, आयफोनच्या माथ्यावर मालकाच्या चेहऱ्यावर ३० हजारांवर अदृश्य ठिपके फेकून त्याला ओळखणारे यंत्र आले. एअरबॅगमधला कण आज प्रत्येक फोनमध्ये आपली पावले मोजतो. दिवाणखान्यात ज्या डोळ्याला लोकांनी हाकलले, तोच खिशात बसून आला आणि कुणी हरकत घेतली नाही. खेळणे आपण खेळतो आहोत असे वाटत असताना यंत्र आपले शरीर शिकत होते. या इतिहासातून मला दिसलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. ती चांगली की वाईट हे ठरवण्याची घाई मी करणार नाही, पण खेळ म्हणून जे घरात येते त्याची बखर लिहून ठेवली पाहिजे, एवढे नक्की.

आता अण्णांकडे परत येतो. भावाने वाचलेली बातमी खोटी नव्हती. टोरांटोच्या डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक यांनी २२ रुग्णांवर केलेला एक छोटा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यात ‘वी’ खेळणाऱ्यांच्या हाताची प्रगती अधिक दिसली होती. त्यांनीच पुढे चार देशांतल्या १४ केंद्रांमध्ये १४१ रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. निम्म्यांना ‘वी’ दिला. उरलेल्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असे साधे खेळ दिले. दोन्हीकडे तेवढेच तास. २०१६ मध्ये निष्कर्ष आला. दोन्ही गट सुधारले आणि ‘वी’चा गट काही वरचढ ठरला नाही.

मी तो निबंध वाचला तेव्हा अण्णा समोरच बसलेले होते. ‘वी’ केव्हाच माळ्यावर गेला होता. बँडेज सोडायला सांगितल्यानंतर त्यांनी शेजारच्या दोन मित्रांना बोलावून रोज दुपारी पाच-तीन-दोनचा डाव मांडायला सुरुवात केली होती. पत्ते डाव्या हातात धरायचे आणि पान मात्र हट्टाने उजव्या हाताने टाकायचे. आधी पान नुसते घसरून पडे. वर्षभराने ते आपटू लागले. हुकमाचे पान असले की सतरंजीवर आवाज येई. तबला परत आला नाही. पण तो आवाज मला ओळखीचा वाटे.

त्या दिवाळीत टीव्हीपुढे त्यांना उभे करून मी स्वतः बाजूला जाऊन ऑफिसचे काम करत असे, हे आज कबूल केले पाहिजे. यंत्र हालचाल ओळखते म्हटल्यावर माणूस तिथे असण्याची गरज मला वाटली नव्हती. चाचणीतून असे काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. तो माझा माझ्यापुरता निष्कर्ष.

निबंधातला तो आकडा मी अण्णांना वाचून दाखवला. पत्ते आणि हे यंत्र, दोन्ही सारखेच ठरले म्हणून. मग आणखी एक गोष्ट सांगितली. निन्टेंडो ही कंपनी १८८९ मध्ये क्योतो शहरात सुरू झाली आणि तेव्हा ती हाताने रंगवलेले पत्ते बनवत असे. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘मग एवढा लांबचा वळसा कशाला घेतला त्यांनी?’’

अण्णा २०१८ मध्ये गेले. दिवाळीला मी अजून दोन पणत्या टीव्हीपुढे ठेवतो. त्यांच्याकडे पाहणारे यंत्र माळ्यावर आहे.